जकात नाक्यातल्या बाई

बाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. पण गावात बाहेरचं कुणी उतरलं आणि 'वस्तुसंग्रहालय कुठं आहे' असं विचारू लागलं, तर लोक अजूनही गोंधळतात. 'बाईचं म्युझम' म्हटलं की पानटपरीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे एकाच दिशेला हात करतात. जुना जकात नाका.

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा बाई साठीच्या पुढच्या होत्या आणि मी सव्वीस वर्षांचा. मी मूळचा वरूडचा. अमरावतीत इतिहासात एम. ए. केलं होतं आणि नोकरीचा पत्ता नव्हता. एका कार्यालयानं हंगामी काम दिलं होतं : या भागातल्या लहानसहान संग्रहांची यादी करायची. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यायचा, फोटो काढायचा, लांबी-रुंदी-वजन छापील तक्त्यात भरायचं. एका संग्रहाला दोन दिवस दिले होते. त्या गावातल्या जकात नाक्यात दोन खोल्या आणि मागे एक टिनाची शेड, एवढंच कळलं होतं. मी मनात एकच दिवस धरला होता.

अकोल्याहून एसटीनं दीड तास लागला. मे महिना होता, दुपारचा एक वाजला होता. डांबर चपलेला चिकटत होतं. नाक्याच्या दारात स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, पायात शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. मी ओळखपत्र पुढं केलं. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही.

"हात धुऊन ये."

"मॅडम, मी जेवून आलोय."

"जेवाले कोन देऊन राह्यलं तुले? हात धुऊन ये म्हनलं."

मी रांजणातल्या पाण्यानं हात धुतले. परत आलो तर त्यांनी एक लाकडी वाडगं माझ्या ओंजळीत ठेवलं. ते तिफणीचं चाडं होतं. पेरताना बाई तिफणीमागून चालते आणि यात मुठीनं बी सोडते, ते खालच्या नळ्यांतून जमिनीत जातं. एवढं मला माहीत होतं, आणि मी ते सांगितलंही.

"हुशार हायेस. आता डोळे मीट अन् काठावरून बोट फिरव."

मी फिरवलं. सगळा काठ खरखरीत होता, पण एका ठिकाणी अंगठा अलगद आत उतरला. गुळगुळीत, बशीसारखा खळगा होता तिथं.

"येशोदेचा हात हाय तो," बाई म्हणाल्या. "जलमभर लोकाइच्या वावरात पेरलं तिनं. डावखुरी होती, म्हून खळगा या बाजूनं पडला. उजव्या हाताची असती तर तिकडून पडला असता."

मी डोळे उघडले नाहीत. एम. ए.ला वऱ्हाडच्या शेतीव्यवस्थेवर माझा एक पेपर होता आणि त्यात मला चांगले गुण होते. त्या पेपरात येशोदा नव्हती. इथं माझा अंगठा तिच्या मनगटाच्या जागी बसला होता, आणि उन्हानं आलेला माझा सगळा वैताग कुठं गेला ते मला कळलं नाही.

मग बाईंनी माझा तक्ता हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात काळ हाय, वजन हाय, लाकूड कोनतं ते हाय. हाताचा रकाना कुठी हाय?"

"तसा रकाना नसतो, मॅडम."

"मंग आखून घे."

त्यांनी स्वतःच पट्टी काढून दिली.

दोन दिवसांचं काम आठ दिवस चाललं. पुढं अकोल्याला एका कॉलेजात मी तासिकेवर शिकवू लागलो आणि दर शनिवारी जकात नाक्यात जायची सवय लागली, ती बाई असेपर्यंत सुटली नाही.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मास्तरीण होत्या. जकात बंद झाली आणि नाका ओस पडला, तेव्हा त्यांनी तो वस्तू ठेवायला मागितला. नगर परिषदेत कुणी दाद देईना. निवृत्त झाल्यावर मग बाई रोज अकराला तिथल्या व्हरांड्यात जाऊन बसू लागल्या. घोषणा नाही, उपोषण नाही. बसल्या बसल्या नोटीस बोर्डावरच्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करत राहिल्या. एकाही नोटिशीला सोडलं नाही. लोक त्या चुका वाचायला जमू लागले. बाराव्या दिवशी किल्ली मिळाली.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. शाळेची मुलं आली की बाई अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायच्या : "बाळांनो, इकडे या, ही वस्तू हातात घ्या, घाबरू नका." आणि मोठा साहेब गाडीतून उतरला की खणखणीत वऱ्हाडी सुरू : "या जी, काहून उशीर केला? हात धुआ पयले." एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "पोट्ट्याइले पुढं परीक्षेत लिहा लागते. साहेबाची परीक्षा झाली हाय, त्याले आता आपली भाषा येऊ दे."

त्यांच्या म्युझममध्ये काचेचं एकही कपाट नव्हतं. 'हात लावू नये' अशी पाटी त्यांनी कुठल्यातरी सरकारी संग्रहालयात पाहिली होती आणि त्या पाटीवर त्यांचा वैयक्तिक राग होता. वस्तू धुतलेल्या हातांत द्यायची, हा नियम. दुसरा नियम त्याहून कडक : वस्तू कुणाच्या हातची ते देणाऱ्याला सांगता आलं नाही, तर घ्यायची नाही.

एकदा एक गृहस्थ रेशमी कापडात गुंडाळून तलवार घेऊन आले. बाईंनी विचारलं, "कोनाच्या हातची?"

"आमच्या पणजोबाची."

"त्याइनं काय केलं इच्यानं?"

गृहस्थ म्हणाले, "दसऱ्याले पूजा करत होते."

"मंग तुमीबी पूजाच करा," बाई म्हणाल्या आणि कापड नीट गुंडाळून परत दिलं. त्याच दिवशी संध्याकाळी कापसाच्या जिनिंगमधल्या एका मयत हमालाची मुलगी बापाचं दाभण घेऊन आली, गोणपाटाच्या गाठी शिवायचं. मुठीच्या जागी त्यानं चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि त्या घामानं काळ्या पडल्या होत्या. बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि त्या मुलीला आधी बसायला स्टूल दिलं, मग विचारायला लागल्या : बाप कसा बसायचा, गाणं म्हणायचा का, कुठला हात दुखायचा. मुलगी आधी हसली, मग रडली, आणि तासाभरानं निघाली तेव्हा तिची चाल बदललेली होती.

उन्हाळ्यात आत आलेल्या माणसाला त्या चार वाजेपर्यंत बाहेर सोडत नसत. "ऊन उतरू दे. मेलेला पाव्हना मले यादीत लिहिता येत नाई." त्यामुळे मे महिन्यात त्या टिनाच्या शेडमध्ये कूलरसमोर तलाठी, एसटीचे ड्रायव्हर, बांगडीवाल्या, असे पाचसहाजण वस्तूंच्या मध्येमध्ये पसरलेले असायचे. बाई त्यांनाही सोडत नसत. झोपेतून उठल्यावर प्रत्येकाला विचारायच्या, "तुह्या घरी काय हाय?" अभिप्रायाच्या वहीतसुद्धा अभिप्रायाचा रकाना नव्हता, हाच प्रश्न होता. बहुतेक लोक लिहायचे, 'काही नाही'. ज्यानं 'काही नाही' लिहिलं त्याच्या घरी बाई आठ दिवसांत लुनावर हजर व्हायच्या.

मीही पहिल्याच दिवशी 'काही नाही' असंच लिहिलं होतं. वरूड लांब आहे, लुनावर होण्यासारखं नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. एका रविवारी घरी गेलो तर बाई आमच्या अंगणात बसून माझ्या आईबरोबर संत्री सोलत होत्या. तीन एसट्या बदलून आल्या होत्या. त्यांनी आमची कोठी, माळा, गोठ्यामागची अडगळ, सगळं धुंडाळलं होतं आणि हातात एक लाकडी ठोकळा होता. तो मी लहानपणापासून पाहत आलो होतो. दाराला अडसर म्हणून लावायचो.

"हा तुह्या आजोबाचा ठसा हाय," बाई म्हणाल्या. "संत्र्याच्या पेट्याइवर मारत होता."

वडील म्हणाले, "नाही हो बाई, आमचा बाप अंगठेबहाद्दर होता. त्याले कुठचं अक्षर येते?"

बाईंनी आईकडून कपड्यांना घालायची नीळ मागून घेतली, ठोकळ्याच्या खालच्या बाजूला फासली आणि माझ्या वहीच्या कागदावर दाबला. तीन अक्षरं उमटली. ग, ण, प. माझ्या आजोबांचं नाव गणपत; 'त'ला ठोकळ्यावर जागाच उरली नव्हती. पण मधला 'ण' उलटा उमटला होता, आरशात दिसावा तसा.

"ठशाले अक्षर उलटं कोरा लागते, तवा ते सुलटं उमटते," बाई हळू आवाजात सांगू लागल्या. "दोन अक्षरं त्यानं बरोबर उलटी कोरली. मधलं कोरतानी भुलला अन् सुलटंच कोरलं. ज्याले लिहिता येते तो असा भुलत नाई. यानं कोनाजवळून नाव कागदावर लिहून आनलं असन, अन् पाहून पाहून, चित्र काढावं तसं कोरलं असन. कोनाले न सांगता."

वडिलांनी तो कागद घेतला. आपल्या बापाला आपलं नाव लिहिलेलं पाहायचं होतं, हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळत होतं. ते कागद हातात धरून कितीतरी वेळ वाड्यामागच्या बागेकडे बघत राहिले. ठोकळा बाईंनी मागितला नाही. वडिलांनीच दुसऱ्या दिवशी तो धुऊन, पुसून माझ्याबरोबर पाठवला.

अशा किती गोष्टी सांगाव्यात. पण बाई म्हटलं की मला आठवतो तो दगडाचा दिवस.

पूर्णेच्या काठचा तो सगळा पट्टा खारपाणपट्टा. माती काळीभोर, कापूस उत्तम येतो, पण खालचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. नळ यायच्या आधी एखाद्या गावात गोड्या पाण्याची विहीर लागली, तर चार गावच्या सोयरिकी तिच्यावर ठरायच्या. नाका आहे त्या तालुक्याच्या गावापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात अशी एक विहीर होती. रस्ता रुंद झाला तेव्हा ती बुजवली गेली. तिच्या काठाचा एक लांब दगड तिथल्या एका शेतकरी घराण्यानं मशीन लावून उचलून ठेवला होता. विहीर त्यांच्याच पूर्वजांची. घरातले कर्ते गृहस्थ पन्नाशीचे होते, गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. एका सकाळी ते ट्रॅक्टर-ट्रॉलीतून तो दगड घेऊन आले. दगडाला झेंडूचा हार घातलेला होता.

मी ट्रॉलीजवळ जाऊन दगड पाहिला. काळा पाषाण, आणि त्याच्या काठाला बोट बोट खोल खाचा पडलेल्या. दोरांच्या खाचा. पिढ्यानपिढ्या बायकांनी ओल्या दोरानं पाणी ओढलं होतं आणि सुतानं दगड कापला होता.

भाऊसाहेबांनी पाटीचा मजकूर लिहून आणला होता : त्यांच्या खापरपणजोबांनी गावासाठी बांधलेली गोड्या पाण्याची विहीर. बाईंनी तो वाचला, घडी करून ठेवला. "दगड ठेवा. पाटी मी पाहून लिहीन."

त्यानंतर महिनाभर बाई लुनावर त्या गावाला जात होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यांवर बसत होत्या. एका शनिवारी त्यांनी मला कागद दिला आणि पाटी लिहायला सांगितली. अलीकडे त्यांचे हात थरथरायला लागले होते, त्यामुळे पाट्या मीच लिहायचो. मजकुराचे दोन भाग होते. पहिल्यात लिहिलं होतं : 'या दगडावर यांच्या दोरांच्या खुणा आहेत', आणि खाली वीसेक बायकांची नावं. दुसऱ्यात : 'या दगडावर यांच्या दोरांच्या खुणा नाहीत. यांना या विहिरीत दोर टाकता येत नव्हता. कुणी पाणी वाढेपर्यंत या खाली उभ्या राहत.' आणि सहा नावं. पहिलं सुभद्रा, दुसरं गिरजा, तिसरं अनसूया, चौथं जाई. मी सगळी नावं एकाच आकारात, एका ओळीत नीट लिहिली. पाटी दगडाशेजारी लागली.

गावात बातमी जायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी भाऊसाहेब ट्रॉली घेऊन परत आले, दगड उचलून न्यायला. मी नेमका तिथं होतो. पांढरा कडक शर्ट, चेहरा लाल.

"बाई, आमी इश्वासानं दगड देला. तुमी आमची अब्रू टांगली इथं."

"यातलं कोनतं नाव खोटं हाय, सांगा. आत्ता पुसतो मी."

"नावाचं नाई म्हनत मी. आमच्या घरानं कोनाले पान्याविना ठेवलं नाई. आमची आजी सोता उभी राहून पानी टाके त्याइले. हे काहून नाई लिहिलं?"

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "आजी हायेत?"

"हायेत. नव्वदीच्या वर हायेत."

"मंग त्याइले आना. त्या सांगतीन तसं लिहू."

मला वाटलं, भाऊसाहेब दगड उचलतील आणि जातील. ते गेले, पण दगड तसाच ठेवून गेले. पुढच्या शनिवारी ट्रॉली पुन्हा आली आणि तिच्या मागं गाडी. गाडीतून दोघांनी धरून एक म्हातारी उतरवली. नऊवारी लुगडं, कमरेत पार वाकलेली, पण नजर लख्ख. भाऊसाहेबांनी ट्रॅक्टरवाल्याला इंजिन बंद करू नको म्हणून खूण केली.

बाईंनी आजींनाही हात धुवायला लावले. मग त्यांना दगडाजवळ नेलं. आजींनी खाचांवरून हात फिरवला, एक, दुसरी, तिसरी, आणि एका ठिकाणी थांबल्या. "इथं उभी राहो मी. ऊन लागे ना इथं, निंबाची सावली होती."

"पाटी वाच," बाई मला म्हणाल्या.

मी वाचली.  ट्रॅक्टरची धडधड आत येत होती. आजींनी सहाही नावं ऐकली. मग नातवाकडे मान वळवली.

"यात खोटं काय हाय रे?"

"आजी, तू पानी देत होती ना त्याइले? ते सांग."

"देत होती," आजी म्हणाल्या. मग बाईंना म्हणाल्या, "पन हे अर्धंच लिहिलं तुमी. उंची नाई लिहिली."

"कोनती उंची?"

"गडवा हाय का एखादा?"

बाईंनी पितळी गडवा, म्हणजे तांब्या, पाण्यानं भरून दिला. त्या वाकलेल्या म्हातारीनं भिंतीला टेकून आपलं शरीर हळूहळू सरळ केलं. केवढा वेळ लागला. मग गडव्याचा हात खांद्याच्याही वर नेला.

"इतक्या वरून टाकत होतो आमी. त्या खाली बसत, भांडं धरून. भांड्याले भांडं लागू नये, शिंतोडा वर येऊ नये, म्हून इतक्या वरून. अर्धं पानी भुईवर जाये." त्यांनी गडवा खाली घेतला. "गोडं पानी. अर्धं मातीत."

 खारपाणपट्ट्यातल्या माणसाला त्या वाक्याचं वजन वेगळं सांगावं लागत नाही.

"एक होती त्यातली," आजी पुढं म्हणाल्या, "पाठीशी लेकरू बांधून ये. तिचं भांडं हाले ना. मी धार कशीबी टाकली तरी थेंब सांडू दे ना ते. मले लय नवल वाटे तिचं. नाव जाई. कितवं हाय तिचं?"

"चौथं," बाई पाटीकडे न बघता म्हणाल्या.

"तुमी तिले कशा वळखता?"

"माय हाय माही."

मी बाईंकडे पाहिलं. भाऊसाहेबांनीही पाहिलं. बाई या तालुक्याच्या गावच्याच, असं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे वडील त्या खेड्यातून जिनिंगच्या कामाला इथं आले तेव्हा त्या चालायलाही लागल्या नसतील.

आजी बराच वेळ बाईंचा चेहरा न्याहाळत होत्या. "थे पाठीवरचं लेकरू?"

"मी असन. नाई तर माहा मोठा भाऊ. मायनं कधी सांगितलं नाई."

"मले हात खाली करता आला असता," आजी म्हणाल्या. "सासू पाहे म्हून नाई केला. मंग सासू मेली. तरीबी नाई केला. मंग त्या लोकाइनं धम्म घेतला, अन् एक दिवस थ्या आल्याच नाई. त्याइनं सोताची इहीर खंदली म्हने, खारी लागली, तरी आल्या नाई. मी दोन दिवस गडवा घेऊन वाट पाह्यली."

मग त्या म्हणाल्या, "मले खाली बसव बाई. तू टाक वरून. एक डाव टाक माह्या ओंजळीत."

मला वाटलं, आता बाई तो हात खाली करतील, किंवा आजींना मिठी मारतील, काहीतरी होईल. बाईंनी मान हलवली.

"नाई आजी. इथं मी कोनाले शिक्षा देत नाई अन् माफीबी देत नाई. तुमाले तर सारं ठाऊक हाय. ज्याले ठाऊक नाई त्याच्यासाठी हाय हे." आणि त्या भाऊसाहेबांकडे वळल्या. "तुमी बसा."

भाऊसाहेब तसेच उभे राहिले. पन्नाशी उलटलेला, गावानं ज्याच्यापुढं उठून उभं राहावं असा माणूस. बाहेर ट्रॅक्टर धडधडत होता.

"बस ना रे," आजी म्हणाल्या.

ते बसले. पांढऱ्या शर्टानं, त्या दगडाशेजारी फरशीवर, गुडघे मोडून. दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. "आजी, तुमीच टाका," बाई म्हणाल्या. "उंची तुमालेच मालूम हाय."

आजींनी टाकलं. धार वरून आली, ओंजळीवर आपटली, फुटली. शर्टावर, चष्म्यावर, फरशीवर. भाऊसाहेब धार धरायला हात इकडेतिकडे करत होते, आणि जितके हलत होते तितकं अधिक सांडत होतं. गडवा रिकामा झाला. ओंजळीत घोटभर उरलं. त्यांनी वर पाहिलं. त्या माणसानं आयुष्यात आपल्या आजीकडे इतक्या खालून कधी पाहिलं नसेल. मग त्यांनी मान खाली घालून ते घोटभर पाणी पिऊन टाकलं.

मी भिंतीला टेकून उभा होतो. मी किती संग्रहालयं पाहिली आहेत. सोनं पाहिलं, मूर्ती पाहिल्या. त्या दोन खोल्यांत त्या दुपारी जे पाहिलं, तसं पुन्हा काही पाहिलं नाही.

भाऊसाहेब उठले. शर्ट ओला होता तो तसाच. दारातून त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं, आणि थोड्या वेळानं रिकामी ट्रॉली घेऊन परत जायला सांगितलं. आजींना धरून त्यांनी गाडीत बसवलं. नंतर बरेच महिने ते आले नाहीत. दिवाळीनंतर एकदा आपल्या गावच्या शाळेतले दोन मास्तर घेऊन आले, त्यांना आत पाठवलं, आणि स्वतः बाहेर निंबाखाली उभे राहिले. एवढंच झालं. मी याहून जास्त काही झालं असं सांगणार नाही.

त्या दिवशी मात्र आजी निघण्याआधी बाईंनी मला टेप काढायला लावली होती. आजींनी पुन्हा हात वर धरला आणि मी जमिनीपासून त्यांच्या हातापर्यंतचं अंतर मोजलं. इतक्या वर्षांत माझी टेप इतकी कामाची कधी ठरली नव्हती. पाटीवर तिसरा भाग आला : पाणी किती उंचीवरून वाढलं जाई, आणि कुणी सांगितलं. आजींचं पूर्ण नाव, त्यांच्याच इच्छेनं. भिंतीत त्या उंचीवर खुंटी ठोकून तो गडवा टांगला आणि खाली फरशीवर दगड. नगर परिषदेचा माणूस आता म्युझम बघतो, पण खुंटी हलवायची त्याची हिंमत नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं फरशीवरचं पाणी पुसत होतो. पाच वाजत आले होते. मला राहवत नव्हतं. म्हटलं, "बाई, पाटी मी लिहिली. सहा नावं माझ्या हातानं लिहिली. चौथं नाव तुमच्या आईचं आहे, हे मला एका शब्दानं सांगितलं नाही तुम्ही."

बाईंनी फडकं बादलीत पिळलं. थरथरत्या हातानं पिळायला त्यांना वेळ लागायचा, पण मदत केलेली चालत नसे.

"सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर ते नाव तू जरासाक मोठं लिहिलं असतं."